घर रिकामे करताना : स्थलांतराच्या समीक्षेतील एक गाळलेली जागा

परदेशस्थ भारतीयांच्या साहित्याची आपल्याकडील चर्चा बहुधा विमानतळावर सुरू होते आणि तेथेच घुटमळत राहते. मायदेश सुटला, परका देश लाभला, मन मात्र मागे राहिले, हे तिचे ठरलेले सूत्र. ‘अस्मिता’, ‘सांस्कृतिक संघर्ष’, ‘मुळांचा शोध’ हे शब्द प्रबंधांतून याच सूत्राभोवती फिरताना दिसतात. हे सूत्र खोटे नाही. परंतु स्थलांतर आयुष्यात एकदाच घडते, असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात परदेशी गेलेले कुटुंब तेथेही घरे बदलते. भाड्याच्या जागेतून उपनगरातल्या स्वतःच्या घरात जाते आणि एके दिवशी तेही घर रिकामे करते. या दुसऱ्या स्थलांतराकडे लक्ष दिले, तर या साहित्याला विचारायचा प्रश्नच बदलतो, असे माझे मत आहे.

झुंपा लाहिरी यांच्या ‘द नेमसेक’ (2003) या कादंबरीचे शेवटचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. ते 2000 सालच्या नाताळच्या आदल्या दिवशी घडते. पेम्बर्टन रोडवरचे गांगुली कुटुंबाचे घर विकले गेले आहे. अशोक हयात नाहीत. आशिमा यापुढे सहा महिने कलकत्त्यात आणि सहा महिने अमेरिकेत राहणार आहे. मुले सुटीसाठी घरी आली आहेत आणि संध्याकाळी बंगाली स्नेह्यांची या घरातली शेवटची मेजवानी व्हायची आहे. एवढाच प्रसंग. त्यात भांडण नाही, मोठा उद्गार नाही, कोणी कोणाला देशाबद्दल काही सांगत नाही.

हा प्रसंग नाताळात का घडतो? पहिले कारण अगदी व्यवहाराचे आहे. पांगलेली मुले एकत्र येतात ती त्या देशाच्या सुटीत. दुर्गापूजेला तेथे सुटी नसते. घराची आवरासावर करायला माणसे हवीत, आणि माणसे मिळतात ती नाताळातच. दुसरे कारण अधिक खोल आहे. गांगुलींच्या घरात नाताळ आला तो मुलांच्या हौसेखातर. धर्माशी त्याचा संबंध नव्हता. पण वर्षानुवर्षे साजरा होता होता तो त्या घराचा कुळाचार होऊन गेला. कृत्रिम नाताळवृक्ष जोडण्याचे काम गोगोल, सोनिया आणि तिचा नियोजित वर बेन करतात, तेव्हा आपण परक्याचा सण पाहत नसतो. एका बंगाली घराचा स्वतःचा सण शेवटचा साजरा होताना पाहत असतो. आशिमाला आता हुरहूर वाटते ती याच घराची, याच देशातल्या आपल्या दिवसांची. ‘मायदेशाची ओढ’ या एकाच मापाने हे दुःख मोजता येत नाही.

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे : बिऱ्हाड. घर बांधायचे असते, बिऱ्हाड करायचे आणि हलवायचे असते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण सहज म्हणून जातो. आपल्या वाङ्मयाला बिऱ्हाडाची जाण नव्हती असेही नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त (पहिला भाग 1934) संसार किती वेळा मांडला आणि मोडला जातो! लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (1980) तर गाढवांच्या पाठीवरचे बिऱ्हाड हेच जगणे आहे. तेथील हलण्यामागे पोटाची सक्ती आहे आणि समाजाने नाकारलेली जमीन आहे. गांगुलींचे सुखवस्तू स्थलांतर त्याच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे ठरेल. तरीही ही आत्मकथने एक गोष्ट शिकवतात : माणसाला समजून घ्यायचे, तर बिऱ्हाड हलताना त्याने काय बरोबर घेतले आणि काय टाकले, हे पाहावे. परदेशस्थांचे साहित्य वाचताना हा धडा आपण का विसरतो?

हा प्रश्न ‘द नेमसेक’ला विचारला, की एक विलक्षण उत्तर मिळते. आवरल्या जात असलेल्या घरात गोगोलला निकोलाय गोगोलच्या कथांचे पुस्तक सापडते. चौदाव्या वाढदिवशी वडिलांनी दिलेले, त्यांच्या हस्ताक्षरातला मजकूर असलेले, पण त्याने कधी न वाचलेले. पाहुणे खाली असताना तो ते वाचायला बसतो, आणि पित्याचा वारसा पुत्राला पोहोचतो. या शेवटाची वाखाणणी पुष्कळ झाली आहे. पण तो वारसा पोहोचू शकला, कारण रशियन लेखकाचे ते पुस्तक इंग्रजीत होते. याच कादंबरीत दुसरा एक कागदोपत्री वारसाही आहे : आशिमाने जपून ठेवलेली, वर्षातून एकदा बाहेर काढून वाचायची, आपल्या दिवंगत आईवडिलांची पत्रे. बंगालीचे जुजबी धडे गिरवलेल्या तिच्या मुलांनी ती पत्रे वाचावीत कशी? लाहिरी हा प्रश्न उच्चारत नाहीत. पण दोन्ही कागद शेजारी ठेवले, की तो टाळता येत नाही. माझ्या मते कादंबरीतली खरी शोकांतिका येथे आहे. पुस्तक वाचले गेले. पत्रांची शेवटची वाचक आशिमाच ठरण्याची शक्यता अधिक.

हा प्रश्न केवळ बंगाली नाही. 1981 साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळे अधिवेशने भरवतात, मराठी शाळा चालवतात. या प्रयत्नांचे मोल मोठे आहे. परंतु भाषा टिकली की नाही, याची परीक्षा रंगमंचावर होत नाही. ती होते थोरल्या पिढीचे घर रिकामे होते त्या आठवड्यात, हाती आलेल्या खोक्यातला मराठी कागद मुलगा वाचतो, की ‘हे काय आहे?’ म्हणून बाजूला ठेवतो, यात. आणि हे केवळ परदेशाला लागू आहे, अशी समजूत आपण करून घेऊ नये. पुण्या-मुंबईत आजीची पत्रे अडखळत वाचणारी नातवंडे आपल्याच वर्गात बसलेली असतात.

म्हणून अध्यापकांना एवढेच सुचवावेसे वाटते : अशी कादंबरी शिकवताना ‘नायिकेला मायदेशाची ओढ कशी जाणवते?’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा. त्याचे उत्तर विद्यार्थ्याला न वाचताही देता येते. त्याऐवजी विचारावे, या घरातून काय निघाले, कोणाच्या हाती गेले आणि ज्याच्या हाती गेले त्याला ते वाचता आले काय? याचे उत्तर द्यायला कादंबरी वाचावी लागते. आणि ते देता देता स्वतःच्या घरातल्या कपाटाकडेही एकदा पाहावे लागते.