आजीच्या जन्मदाखल्यावर सही करण्याआधी

"तुझी आजी पेडण्याची मां? मगे पोर्तुगालचो पासपोर्ट काढ मरे!"

सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, वेंगुर्ले, कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. निम्मी थट्टा, निम्मा खरा. आपल्याकडे गोव्याशी सोयरीक नाही असं घर शोधावं लागतं. म्हणून हा विषय फक्त गोंयकारांचा नाही, आपलाही आहे.

आधी हा मार्ग समजून घेऊया. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. त्याआधी तिथे जन्मलेल्यांना पोर्तुगालचा कायदा आपले नागरिक मानतो. त्यांच्या जन्माची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात झाली, की पुढच्या पिढ्यांना दार उघडतं. यात बेकायदा काही नाही. पासपोर्ट हातात आला की युरोपीय संघातल्या देशांत राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. अनेक गोंयकार याच वाटेने इंग्लंडला, स्विंडनसारख्या शहरात गेले. ब्रेक्झिटनंतर, 2021 पासून, ती सोय नव्याने जाणाऱ्यांसाठी बंद झाली. कट्ट्यावरचे सल्लागार हे सांगायला हमखास विसरतात.

आणखी एक गोष्ट विसरतात, ती जास्त महत्त्वाची. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 सांगतं, की स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. दोन्ही पासपोर्ट गुपचूप कपाटात ठेवायचे, ही हुशारी नाही, गुन्हा आहे. नुसत्या लिस्बनच्या नोंदीनेच नागरिकत्व जातं का, यावर गोव्यात वर्षानुवर्षं वाद चालू आहे. आमदारांच्या नागरिकत्वावरही त्यावरून प्रश्न उठले.

आता कुणी म्हणेल, "ओसीआय कार्ड मिळतां मां?" मिळतं. पण ते आयुष्यभराच्या व्हिसासारखं आहे, नागरिकत्व नाही. मत देता येत नाही. ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. सरकारी नोकरीचा रस्ता जवळपास बंद. वडिलोपार्जित कलमांची बाग वारशाने मिळू शकेल, पण शेजारची काजूची बाग विकत घेता येणार नाही. पुन्हा भारतीय व्हायचं ठरवलं, तर ओसीआय म्हणून पाच वर्षं झालेली हवीत, अर्जाआधी वर्षभर इथे राहिलेलं हवं, आणि तेव्हा दुसरं नागरिकत्व सोडावं लागतं.

फरक कळायला आपलंच उदाहरण घ्या. मालवणातून कुवेत-दुबईला गेलेला काका वीस वर्षं तिथे राबला, तरी भारतीय नागरिकच राहिला. बोटीवर जाणारा मामाही तसाच. पोटासाठी बाहेर जाणं आणि नागरिकत्व सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्या एकाच पिशवीत कोंबतो, तिथे घोळ होतो.

पण पासपोर्ट बदलणाऱ्याला 'देश विकलो' म्हणून हिणवणंही मला पटत नाही. पासपोर्ट बदलला म्हणून कुणाची मालवणी बदलत नाही, चतुर्थीला घरची ओढ थांबत नाही. ओळख माणसाबरोबर प्रवास करते. नागरिकत्व तसं नाही. तो देशाशी केलेला करार आहे. त्यात हक्क आहेत आणि जबाबदारीही आहे. रस्ता खराब असेल तर जाब विचारायचा हक्क त्याच करारातून येतो. तो करार मोडला, की गावावरचं प्रेम उरतं, पण गावाच्या निर्णयातलं मत उरत नाही.

आपण सीमेवरची माणसं, आपल्याला हे जास्त समजायला हवं. पेडणे महाल 1788 मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला. तिथल्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. 15 ऑगस्ट 1955 ला बांद्यापलीकडे पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. तिथे पडलेले कर्नैलसिंग पंजाबचे होते. गोव्याशी त्यांचं कसलंच नातं नव्हतं, तरी तो लढा त्यांना आपला वाटला. मुक्तीनंतर 1962 च्या आदेशाने गोव्यात जन्मलेले भारतीय नागरिक झाले. ज्यांना आधीचं राष्ट्रीयत्व ठेवायचं होतं, त्यांना ते लेखी कळवायला फक्त एक महिना होता.

तुम्हाला कुणी महिन्याची मुदत दिलेली नाही. म्हणून घाई करू नका. एजंटच्या आधी वकिलाला विचारा, कारण पोर्तुगालचे नियमही बदलत असतात. दहा वर्षांनी कुठे राहायचंय, हे घरच्यांशी बोला. आणि जिच्या दाखल्यावर हे सगळं उभं आहे, त्या आजीलाही विचारा. मग जायचं ठरलं तर ताठ मानेने जा, राहायचं ठरलं तर नुसतं राहू नका, मतदार यादीत नाव घाला. सही तुमची आहे. ती काय मोडते आणि काय जोडते, ते वाचून करा.