कारभारी कोणास म्हणावें?

कोयनानगरच्या मुलांस धरणाचे दरवाजे नवीन नाहींत. पाणी किती अडवावें, किती सोडावें आणि केव्हां सोडावें, याचा विचार तेथें सदैव चालूं असतो. अडविलेंच नाहीं तर वीज नाहीं. वेळेवर सोडलें नाहीं तर धरणासच धोका. माणसांच्या शक्तीचेंही असेंच आहे. ती जो नीट सांठवितो व नीट वाहूं देतो, तोच खरा कारभारी, असें आमचें मत आहे.

पुष्कळ पालक आम्हांस सांगतात, "गुरुजी, आमचा मुलगा साहेब झाला पाहिजे." साहेब कोणास म्हणावें, असें विचारलें तर उत्तर मिळतें, ज्याच्या हाताखालीं दहा माणसें असतील त्यास. दहा माणसें हाताखालीं असणें हा झाला अधिकार. त्या दहांकडून मनापासून काम होणें हा कारभार. हे दोन शब्द एक नव्हेत.

हेन्री फेयॉल या फ्रेंच व्यवस्थापकानें १९१६ सालीं कारभाराचीं पांच कामें सांगितलीं: योजना आंखणें, माणसें व साधनें जुळविणें, आज्ञा देणें, निरनिराळ्या कामांचा मेळ घालणें आणि ठरल्याप्रमाणें झालें कीं नाहीं हें पाहणें. यांत आज्ञा ही पांचांपैकीं एक आहे. आपण मात्र तिलाच सर्वस्व समजून बसतों.

याचें उत्तम उदाहरण आपल्या कोयनेचें पाणी कऱ्हाडास कृष्णेला मिळून पुढें ज्या मुलखांत जातें, तेथेंच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगांवीं लोखंडी नांगर करीत. लोखंडानें जमीन नासेल या भीतीनें शेतकरी तो घेत ना. पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. पुढें कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळील माळ व दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. निवडुंग व साप यांनीं भरलेल्या त्या माळावर १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहूं लागली. मालकानें केवळ छपरें उभारलीं नाहींत. कामगारांचीं घरेंही वसविलीं. तुरुंग भोगून आलेल्या माणसांवर रात्रीचा पहारा सोंपविला. ज्यास जग चोर म्हणतें त्याच्या हातीं आपलें धन राखावयास देणें, यास केवळ दया म्हणतां येणार नाहीं. माणूस ओळखण्याची ती कला होय.

१९३९ सालीं अमेरिकेंत कुर्ट लेविन व त्यांचे सहकारी यांनीं दहा वर्षांच्या मुलांच्या मंडळांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका रीतींत पुढारी केवळ हुकूम सोडी. दुसरींत मुलांसह विचार करून काम ठरवी. तिसरींत सारें मुलांवर टाकून स्वस्थ बसे. हुकमी पुढारी खोलीबाहेर जातांच त्याच्या मुलांचें काम ढिलें पडे. विचारविनिमय करणाऱ्याच्या पाठीमागें तें बहुतांशीं चालूंच राही. हें वाचून आम्हांस आमचाच वर्ग आठवला. आम्ही पाऊल टाकतांच तो चिडीचूप होतो आणि आमची पाठ फिरतांच बाजार भरतो. वर्षानुवर्षें त्या शांततेचा आम्हांस अभिमान वाटे. आतां वाटतें, ती शांतता मुलांची नव्हे, आमच्या छडीची होती.

कोणी म्हणेल, वितळलेलें लोखंड सांच्यांत ओततांना मतें घेत बसावयाचें काय? मुळींच नाहीं. तेथें एकाचाच शब्द चालला पाहिजे. परंतु संकटकाळीं तो शब्द मानला जावा म्हणून एरव्हीं विश्वास मिळवून ठेवावा लागतो. तसेंच मोकळीक म्हणजे बेपर्वाई नव्हे; तिसऱ्या रीतीच्या मंडळांत फारसें काम झालें नाहीं, हेंही विसरूं नये. आणखी एक गोष्ट. नोकरी व घर हीं दोन्ही एकाच हातून मिळत असतील, तर त्या हाताची चूक दाखविणें कठीण होतें. म्हणून चांगल्या मालकानेंही आपणांस 'नाहीं' म्हणणारें एखादें माणूस जवळ बाळगावें. मालकाचें वात्सल्य कामगाराच्या हक्काची जागा घेऊं शकत नाहीं.

लक्ष्मणराव १९५६ सालीं निवर्तले. त्यांनीं आरंभिलेलें काम त्यांच्याबरोबर थांबलें नाहीं. आमच्या मतें कारभाऱ्याची खरी परीक्षा हीच.

पालकांस आमची विनंति आहे कीं, आठवड्याच्या बाजाराचा हिशेब एकदां मुलाकडे किंवा मुलीकडे सोंपवून पाहा. दहा-वीस रुपये चुकले तर चुकूं द्या, पण वही तपासल्याशिवाय राहूं नका. आणि विद्यार्थिमित्रहो, वर्गनायक झालां तर गप्प न बसणाऱ्यांचीं नांवें फळ्यावर लिहिण्यांतच धन्यता मानूं नका. एक दिवस तुम्ही गैरहजर राहाल, त्या दिवशीं वर्ग कसा चालला तें दुसऱ्या दिवशीं विचारा. तें उत्तर हेंच तुमचें प्रगतिपुस्तक. आम्हीही या वर्षीं छडी कपाटांत ठेवून तीच परीक्षा देणार आहों.