पाणी भरायची वाट पाहू नका

धरणं भरू लागली आणि तो मेसेज पुन्हा फिरायला लागला. या आठवड्यात मुठ्यात गावच्या ग्रुपवर आला, भजनी मंडळाच्या ग्रुपवरही आला: गाडी पाण्यात गेली तर शांत बसा, आत पूर्ण पाणी भरू द्या, दाब सारखा झाला की दार आपोआप उघडेल. हा सल्ला जीव घेणारा आहे. दाब सारखा होतो हे खरं, पण तोवर नाकातोंडात पाणी गेलेलं असतं आणि पोरं मागच्या सीटवर अडकलेली असतात.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीस्ब्रेख्ट यांनी आत माणसं बसवून गाड्या पाण्यात सोडून पाहिल्या. गाडी लगेच बुडत नाही. अर्धं मिनिट, फार तर दोन मिनिटं तरंगते, मग इंजिनाच्या वजनाने नाक खाली घालते. जे करायचं ते पाणी काचेला टेकायच्या आत: बेल्ट काढा, काच खाली घ्या, मुलांना आधी बाहेर लोटा, मागोमाग निघा. फोन नंतर. दाराच्या नादी लागू नका. मीटरभर रुंद दाराला बाहेरून अर्धा मीटर पाणी लागलं, तरी सव्वाशे किलोचा रेटा बसतो.

यावर लोक मला सावित्रीचं उदाहरण देतात. 2 ऑगस्ट 2016च्या रात्री महाडचा पूल पुरात गेला, दोन एसटी गाड्या गेल्या. तिथे कुणाच्याच हाती काही नव्हतं, मान्य. पण आपल्याकडचं पाणी बहुतेक ठिकाणी तसं नाही. आपलं पाणी कोतूळसारखं आहे. जानेवारी 2021मध्ये पुण्याहून कळसूबाईला निघालेल्या तिघांची गाडी मॅपच्या भरवशावर रात्री तिथल्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली. धरणाचं संथ पाणी. दोघे पोहून वाचले, गाडी चालवणारा बुडाला. मुठा घाट उतरून लवासाकडे जाणारा रस्ता टेमघरच्या पाण्याच्या कडेने जातो, पुढे वरसगावचा फुगवटा. इथे पडणाऱ्याला ते एक मिनिट मिळतं. त्या मिनिटात काय करायचं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

लायसन्सच्या परीक्षेबद्दल माझं म्हणणं वाचकांना पाठ झालं असेल, तरी पुन्हा लिहितो. आठचा आकडा काढून घेतात, पाट्या ओळखायला लावतात. बुडत्या गाडीतून कसं निघायचं, हा एक प्रश्न त्यात घाला. निदान धरणांच्या तालुक्यांत काही जीव त्याने वाचतील, याची मला खात्री आहे. सावित्रीवर नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. एका प्रश्नाला तेवढेही दिवस लागू नयेत.

मेसेजच्या शेवटी सीटची उशी उपसून तिच्या दांड्याने काच फोडायला सांगितलंय. उशी त्यासाठी बनवलेली नसते आणि घाबरलेल्या माणसाला ती उपसतासुद्धा येत नाही. त्यापेक्षा काच फोडायची छोटी हातोडी घ्या आणि ती डिकीत नको, हाताशी बांधून ठेवा. मारायची बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात; समोरची काच फुटून पडत नाही. काही गाड्यांच्या बाजूच्या काचाही हल्ली लॅमिनेटेड येतात, त्यांना हातोडी पुरत नाही. आपली कोणती, ते काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेलं असतं. आज गाडी दारात उभी आहे तोवर वाचून घ्या.