जुनी जीप आणि तोंडी बोली

गेल्या महिन्यात वसुलीच्या निमित्ताने आम्ही चंद्रपूरला गेलो होतो. तेथे आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रींचे गॅरेज आहे. बाप, दोन मुलगे आणि एक भाचा मिळून जुन्या जीपगाड्या पुन्हा उभ्या करतात. कापडवाल्याचे लोखंडात काय काम, असे वाचक म्हणतील. पण तेथे जे पाहिले ते आपल्या बहुतेक कारागिरांच्या दुकानात घडते, म्हणून लिहीत आहोत.

या मुलखाचे जीपशी नाते जुने आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रने मुंबईत विलिस जीप जोडायला घेतली. पुढे आलापल्ली, अहेरी, सिरोंचाच्या कच्च्या वाटांवर जंगल खाते काय आणि बांबू-तेंदूपत्त्याचे ठेकेदार काय, सर्वांची भिस्त याच गाडीवर राहिली. १९७३ नंतर पेट्रोल भडकले, तेव्हा मिस्त्रींच्या वडिलांनी पेट्रोलचे इंजिन उतरवून डिझेलचे बसविण्यात नाव कमावले. उतरवलेली इंजिने भंगारात किलोच्या भावाने गेली.

आता गंमत पाहा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. नवी नोंदणी २० हजार रुपयांत, १० वर्षांसाठी. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. धंद्यासाठी ती वापरताही येत नाही. म्हणजे आजोबांनी जे इंजिन फेकले, तेच शोधत आज नातू भंगार बाजार पालथे घालतो! त्यात १५ वर्षांवरील सरकारी गाड्या एप्रिल २०२३ पासून भंगारातच काढायच्या ठरल्या. लिलावात जीप घेऊन तिचे भाग वापरण्याची सोयही त्यामुळे गेली.

मिस्त्रींचा हात मात्र पाहण्यासारखा आहे. गंजलेल्या पत्र्यावर पुट्टी लावून रंग मारणे त्यांना मंजूर नाही. सडलेला भाग कापून, नवा पत्रा हाताने ठोकून, जुन्या वळणावर आणून जोडतात. आम्हाला रफूगर आठवला. तो शालीचा एकेक धागा उचलतो आणि गिऱ्हाईक दाम विचारते ते धाग्याचे, डोळ्यांचे नाही.

नेमके तेथेच नुकसान होते. बाहेरगावच्या एका शौकिनाची जीप त्यांनी ठोक रकमेत, तोंडी बोलीवर घेतली. बॉडी उतरवली तर गंज चासीपर्यंत पोहोचलेला. सात महिने चार माणसे राबली. शेवटी मालक म्हणाला, ठरले तेवढेच देईन. कागद नव्हताच. मिस्त्री आम्हाला म्हणाले, "शेठ, जबान दिली होती."

हे आम्हाला पटले नाही. जबान पाळणे वेगळे आणि हिसाब न लिहिणे वेगळे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरामध्ये आहे, आणि कुरआनातील सर्वांत लांब आयत त्याच विषयावर आहे. ती आपण मस्जिदीत ऐकतो आणि दुकानात विसरतो. आमच्या पेढीवरही पक्की वही फार उशिरा आली, हे कबूल करतो.

आम्ही त्यांना सुचविले की ठोक भाव सोडा. गाडी उघडून पाहण्याचे पैसे आधी आणि वेगळे घ्या. काय सडले आहे त्याचे फोटो काढून मालकाची सही घ्या. मजुरी दिवसावर धरा, दर महिन्याला हिसाब पाठवा आणि पैसे आले तरच पुढचे काम करा. इंजिन कोठून आणले त्याची पावती जपा, नाहीतर उद्या चोरीच्या मालाचा संशय तुमच्यावरच येईल.

धाकट्या मुलाने आयटीआय केले आहे. त्याला हे सर्व लगेच पटले. मिस्त्री म्हणाले, "लिहून मागितले तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल." आम्ही विचारले, जाईल कुठे? असे काम करणारे आता उरले किती? मिस्त्री हसले, बोलले नाहीत.

निघताना शेडमध्ये आणखी एक जीप दिसली. तीही तोंडी बोलीवरच घेतलेली. धाकटा मात्र तिच्या खाली वाकून मोबाइलवर चासीचे फोटो काढत होता.