'खाली' म्हणजे काय?

आमच्या घरात 'खाली' या शब्दाला दोन अर्थ आहेत. मराठीत तो खालची जागा दाखवतो, उर्दूत रिकामी. नवखा पाहुणा हमखास गोंधळतो. संगणकाच्या स्क्रिप्टमध्येही असेच होते.

एका शिक्षणसंस्थेत पाहिलेली गोष्ट. विद्यार्थ्यांच्या यादीतून फक्त हजेरी क्रमांक काढून फलकावर लावायचे होते. स्क्रिप्ट बॅशमध्ये, रकाना निवडायचे काम ऑककडे. ऑकच्या भाषेत 'डॉलर एक' म्हणजे पहिला रकाना. बॅशच्या भाषेत स्क्रिप्ट चालवताना दिलेली पहिली किंमत. आदेश दुहेरी अवतरणात होता, म्हणून बॅशने तो आधी स्वतःच वाचला. किंमत दिलेलीच नव्हती, तेव्हा ती जागा रिकामी राहिली. ऑकला नुसते 'छाप' एवढेच पोचले आणि त्याने अख्खी ओळ छापली. नाव, थकलेली फी, सगळे फलकावर! चुकीचा संदेश एकही आला नाही.

बोलणी खाल्ली स्क्रिप्ट लिहिणाऱ्या नवख्या मुलाने. मला हा अन्याय वाटतो. एकेरी अवतरण घातले असते, तर बॅशने आतल्या मजकुराला हात लावला नसता. 'सेट -एक्स' लावून पाहिले असते, तर ऑकला काय पोचले ते दिसले असते. हे त्याला कुणी शिकवले नव्हते आणि यादी लावण्यापूर्वी कुणी वाचलीही नव्हती.

दोन भाषा मिसळायला माझी हरकत नाही; आम्ही रोज तेच करतो. पण आपण काय लिहिले यापेक्षा पलीकडे काय पोचले, हे आधी तपासा. फलकासमोर मान खाली घालून उभी राहिलेली पोरे कुठल्याच भाषेत चुकली नव्हती.