‘सर्व्हर डाऊन’मागचा एक आकडा

दहावीचा निकाल दुपारी १ वाजता लागतो, रेल्वेच्या वातानुकूलित डब्यांचे तत्काळ आरक्षण सकाळी १० वाजता खुले होते, प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याची मुदत ठरलेल्या दिवशी मध्यरात्री संपते. या वेळा सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतात. किती लोक येणार याचाही अंदाज असतो; राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेला दरवर्षी १५ लाखांच्या आसपास विद्यार्थी बसतात. तरीही नेमक्या त्या घटकेला पडद्यावर गोल चक्र फिरत राहते आणि सेतू केंद्रापासून रेशन दुकानापर्यंत एकच उत्तर मिळते : ‘सर्व्हर डाऊन आहे, नंतर या.’ हे उत्तर आपण पावसापाण्यासारखे मुकाट्याने स्वीकारतो. पण गर्दीत कोलमडणारी यंत्रणा हे अस्मानी संकट नाही. पुष्कळदा तिची मुळे कोणीतरी न मोजता ठरवलेल्या किंवा कोणीच न ठरवलेल्या एका आकड्यात असतात. तो आकडा म्हणजे डेटाबेसकडे एका वेळी किती कनेक्शन उघडी ठेवायची याची मर्यादा. ही मर्यादा वाढवून गर्दी निभावता येत नाही. ती मोजून, बहुतेक वेळा कमी ठेवूनच निभावते. आणि सार्वजनिक सेवेत हे मोजमाप कंत्राटदाराच्या मर्जीवर सोडता कामा नये, असे माझे ठाम मत आहे.

बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती यांच्या असंख्य प्रणाली जावा या भाषेत लिहिलेल्या आहेत आणि त्या टॉमकॅट, वाइल्डफ्लाय, वेबलॉजिक, वेबस्फिअर अशा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर चालतात. नागरिकाची विनंती आधी या सर्व्हरकडे येते, आणि खरी माहिती, म्हणजे गुण, खाते, सातबारा, मागच्या डेटाबेसमध्ये असते. या दोघांत नवे कनेक्शन उघडणे खर्चिक असते. नेटवर्कवरून ओळख पटवायची, पासवर्ड तपासायचा, डेटाबेसने त्या कनेक्शनसाठी स्मृती राखून ठेवायची. पोस्टग्रेस हा डेटाबेस तर प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस सुरू करतो. प्रत्येक विनंतीसाठी हे सोपस्कार करणे परवडत नाही, म्हणून सर्व्हर काही कनेक्शन आधीच उघडून साठ्यात ठेवतो. विनंती आली की त्यातले एक उसने द्यायचे, काम झाले की परत घ्यायचे. हाच कनेक्शन पूल. त्याची कमाल संख्या, रिकाम्या पुलापाशी किती वेळ थांबायचे याची मर्यादा आणि परत न आलेल्या कनेक्शनचा शोध, एवढ्या दोन-चार नोंदींवर गर्दीच्या दिवसाचे भवितव्य बरेचसे ठरते.

या नोंदी बहुधा मूळ स्वरूपात तशाच राहतात. आज जावा जगतात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या हिकारीसीपी या पुलाची मूळ कमाल संख्या १० आहे, टॉमकॅटच्या स्वतःच्या जेडीबीसी पुलाची १००, कॉमन्स डीबीसीपीच्या दुसऱ्या आवृत्तीची ८. इतका फरक असण्याचे कारण सरळ आहे : पूल लिहिणाऱ्याला तुमचा डेटाबेस किती मोठा आहे, तुमच्या क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला, किती वेळ लागतो, हे माहीत असणे शक्यच नाही. हे आकडे म्हणजे सुरुवातीची सोय, शिफारस नव्हे. ते बदलले जातात तेव्हाही बहुधा गोंधळ झाल्यावर, आणि एकाच दिशेने. कनेक्शन अपुरी पडल्याची त्रुटी लॉगमध्ये दिसते, कोणीतरी १०चे १०० करते, पुढच्या गर्दीत १००चे ५००. दुखणे मात्र तसेच राहते, किंबहुना वाढते.

ते का वाढते, याचा स्वच्छ पुरावा ओरॅकल या डेटाबेस कंपनीच्या रिअल वर्ल्ड परफॉर्मन्स गटाने एका प्रात्यक्षिकात दाखवला आहे. वापरकर्त्यांचा भार तोच, यंत्रे तीच, प्रोग्राम तोच. बदलली ती फक्त पुलाची कमाल संख्या. ती २,०४८ वरून ९६ पर्यंत खाली आणल्यावर प्रतिसादाचा वेळ सुमारे १०० मिलिसेकंदांवरून सुमारे २ मिलिसेकंदांवर आला. एकही नवे यंत्र न घेता काम पन्नासपट वेगाने होऊ लागले. कारण डेटाबेसच्या यंत्रात प्रोसेसरचे गाभे मोजकेच असतात. आठ गाभ्यांच्या यंत्रापुढे एकाच वेळी दोन हजार कामे टाकली, तरी एका क्षणी आठच चालतात. बाकीच्यांची अदलाबदल करण्यात, एकमेकांच्या कुलपांसाठी ताटकळण्यात आणि स्मृतीच्या ओढाताणीत यंत्राची ताकद वाया जाते. तहसील कार्यालयात बाहेर पन्नास खिडक्या उघडल्या आणि आत अभिलेख कक्षात कागद शोधणारे कारकून चारच ठेवले, तर उतारे लवकर मिळत नाहीत. उलट पन्नास जणांच्या हाकांनी त्या चौघांचा वेळ जातो. म्हणूनच पोस्टग्रेसच्या वर्तुळातून आलेले एक जुने सूत्र सांगते की गाभ्यांच्या दुपटीत डिस्कची संख्या मिळवा आणि तिथून चाचणीला सुरुवात करा. आठ गाभे आणि एक डिस्क असेल, तर ही संख्या १७ येते. शेकड्यांत विचार करणाऱ्याला ती हास्यास्पद वाटते, पण तिच्यामागे गणित आहे.

ते गणित शाळकरी मुलालाही करता येईल. एका विनंतीचे डेटाबेसमधले काम २० मिलिसेकंदांत संपत असेल, तर एक कनेक्शन सेकंदाला ५० विनंत्या पुऱ्या करते. अशी १० कनेक्शन सेकंदाला ५००, म्हणजे तासाला १८ लाख. यंत्राची क्षमता तेवढी असेल, तर अवघ्या दहा कनेक्शनवर राज्यातल्या दहावीच्या साऱ्या मुलांचे निकाल तासाभरात वाचून होतात. आता तेच काम इंडेक्स (शोधसूची) नसल्यामुळे २ सेकंद घेऊ लागले असे समजा. त्याच दहा कनेक्शनवर सेकंदाला ५ आणि तासाला १८ हजार विनंत्याच निघतात. यंत्रणेत किती कामे अडकून आहेत हे येण्याचा वेग आणि प्रत्येकाला लागणारा वेळ यांच्या गुणाकाराने ठरते, हा नियम अमेरिकी गणितज्ञ जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांनी तर १९०९ मध्येच टेलिफोनच्या वाहतुकीचे गणित मांडायला सुरुवात केली होती. अडचण वेळात असताना संख्या वाढवत राहणे हा उपचार नाही, आणि हे शास्त्र नवेही नाही. आपल्याकडे एक खास चूक सर्रास होते : डेटाबेसचे कनेक्शन हातात धरून ठेवून ओटीपीचा संदेश पाठवायचा किंवा पेमेंट गेटवेच्या उत्तराची वाट पाहायची. वाट पाहण्याच्या त्या काही सेकंदांत डेटाबेस रिकामा बसलेला असतो, पण कनेक्शन मात्र अडलेले असते. बाहेरचे काम आधी उरकून मग कनेक्शन घेतले, तर तोच पूल कैकपट लोकांना पुरतो.

संख्येइतकीच महत्त्वाची आहे थांबण्याची मर्यादा. हिकारीसीपीत ती मूळची ३० सेकंद असते. मोबाइलकडे डोळे लावून बसलेला पालक तीस सेकंद थांबत नाही. तो पाच सेकंदांत पान पुन्हा उघडतो. जुनी विनंती रांगेत तशीच राहते, नवी तिच्या मागे लागते, आणि एका माणसाची सहा माणसे होतात. ज्यांची वाट आता कोणीच पाहत नाही अशा विनंत्यांची उत्तरे देण्यात यंत्रणा दमून जाते. त्यापेक्षा दोन-तीन सेकंदांत स्पष्ट नकार द्यावा, ‘गर्दी आहे, इतक्या मिनिटांनी या’ असे पान दाखवावे, हे नागरिकाशी अधिक प्रामाणिक वागणे आहे. आत आलेल्यांचे काम पुरे व्हावे आणि बाहेरच्यांना खरी स्थिती कळावी, इतकी अपेक्षा सार्वजनिक सेवेकडून ठेवणे रास्तच आहे.

तिसरी नोंद परत न येणाऱ्या कनेक्शनची. मायकेल नायगार्ड यांच्या २००७ साली निघालेल्या ‘रिलीज इट’ या पुस्तकात एका विमान कंपनीची हकिकत आहे. रात्री डेटाबेसच्या नियमित देखभालीसाठी काम एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवले गेले आणि ते सुरळीत पार पडल्याची नोंदही झाली. त्यानंतर सुमारे दोन तासांनी विमानतळांवरची चेक-इन यंत्रे एकदम बंद पडली, पाठोपाठ दूरध्वनीवरची स्वयंचलित सेवाही. कारण निघाले जावाच्या काही ओळींत. काम संपल्यावर आधी स्टेटमेंट (डेटाबेसला दिलेली आज्ञा) बंद करायचे आणि मग कनेक्शन परत करायचे, असा क्रम लिहिलेला होता. डेटाबेस हलल्यामुळे स्टेटमेंट बंद करतानाच त्रुटी उद्भवली, त्यामुळे पुढची ओळ कधी चाललीच नाही आणि कनेक्शन पुलात परतले नाही. एकेक करत सगळी कनेक्शन अशीच गेली, आणि पुढची प्रत्येक विनंती रिकाम्या पुलापाशी अडून राहिली. २०११ मध्ये आलेल्या जावा ७ ने संसाधने आपोआप बंद करणारी रचना दिली, त्यामुळे हा दोष टाळणे आज सोपे आहे. पण कनेक्शन फार वेळ परतले नाही तर इशारा देण्याची सोय हिकारीसीपीत मुळात बंद असते. ती कोणीतरी आठवणीने सुरू करावी लागते. पुलाची नोंद ही गौण बाब समजणाऱ्यांनी या हकिकतीतला अनर्थ किती छोट्या जागी होता, हे लक्षात घ्यावे.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की आता क्लाउड आहे. गर्दी वाढली की सर्व्हर आपोआप वाढतील, मग हा हिशेब कशाला? पण वाढतात ते पुढचे अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर. प्रत्येक नवा सर्व्हर स्वतःचा पूल घेऊन येतो, आणि डेटाबेस मात्र तोच राहतो. पन्नास कनेक्शनचा पूल असलेले दहा सर्व्हर उभे राहिले की डेटाबेसवर ५०० कनेक्शन येतात. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० आहे, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसची १५१. म्हणजे मदतीला आलेले सर्व्हरच डेटाबेसचा गळा आवळतात. दुसरा आक्षेप नव्या तंत्राच्या आधारे येतो : २०२३ च्या जावा २१ मधले व्हर्च्युअल थ्रेड लाखो विनंत्या एकाच वेळी झेलू शकतात. ते खरे आहे, पण झेलणारा हात मोठा झाला म्हणून मागचा डेटाबेस मोठा होत नाही. पूर्वी टॉमकॅटच्या मूळच्या २०० थ्रेडची मर्यादा निदान नकळत बांध घालत होती. तो बांध गेल्यावर पूल हीच शेवटची राखण उरते, म्हणून त्याचे मोजमाप उलट अधिक गरजेचे झाले आहे.

तिसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. पूल लहान ठेवणे हाही एक आंधळा नियम होऊ शकतो. एकच विनंती एका वेळी दोन कनेक्शन मागत असेल आणि पूल तोकडा असेल, तर सगळ्या विनंत्या एकेक कनेक्शन धरून दुसऱ्याची वाट पाहत कायमच्या अडकू शकतात. रात्रीचे लांबलचक अहवाल आणि दिवसाच्या झटपट विनंत्या एकाच पुलातून चालवल्या, तर अहवालांपायी नागरिक उपाशी राहतो. त्यांचे पूल वेगळे हवेत. आणि निकालासारखी एकदा जाहीर झाल्यावर न बदलणारी माहिती दर वेळी डेटाबेसला विचारण्याची गरजच नाही. ती आधीच तयार पानांच्या रूपात ठेवता येते. हे सारे मान्य. पण यातून निष्कर्ष एकच निघतो : आकडा लहान की मोठा हे मताने ठरवायचे नसून खऱ्या गर्दीइतका भार टाकून घेतलेल्या चाचणीने ठरवायचे आहे. तशी चाचणी न घेता टाकलेला १०ही चूक आणि ५००ही चूक.

शेवटी कोणी म्हणेल, हे अभियंत्यांनी पाहावे, सामान्य वाचकाला काय त्याचे? नदीवरचा पूल बांधताना सळई किती जाडीची, हेही अभियंतेच ठरवतात. तरी भारचाचणीचा दाखला मागण्याचा हक्क आपण सोडत नाही. सॉफ्टवेअरची निविदा निघते तेव्हा सर्व्हर किती, स्मृती किती, यांची यादी लांबलचक असते, कारण यंत्रे मोजता येतात आणि त्यांची बिले लावता येतात. १०० मिलिसेकंदांचे २ मिलिसेकंद करणाऱ्या मोजमापाचे बिल लावायला रकानाच नसतो. तो रकाना निर्माण केला पाहिजे. राज्य सरकार, महापालिका, विद्यापीठे आणि परीक्षा मंडळे यांनी प्रत्येक ऑनलाइन सेवेच्या करारात तीन अटी घालाव्यात : अपेक्षित गर्दीच्या दुप्पट भाराची चाचणी आणि तिचा जाहीर अहवाल, पुलाची संख्या, थांबण्याची मर्यादा व गळतीचा इशारा यांची कारणांसह लेखी नोंद, आणि सेवा कोलमडली तर पंधरा दिवसांत तिच्या तांत्रिक कारणाचे जाहीर निवेदन. यासाठी मोठा निधी लागत नाही, काही आठवड्यांचे मन लावून केलेले काम लागते. वाचकांनीही पुढच्या वेळी ‘सर्व्हर डाऊन’ ऐकले की तेवढ्यावर न थांबता लेखी विचारावे : भारचाचणी कधी झाली होती, आणि तिचा अहवाल कुठे आहे?