निवड कोणीतरी करणारच

विभागीय कला-प्रदर्शनाची निवडयादी लागली की संध्याकाळपर्यंत कला महाविद्यालयांसमोरच्या टपऱ्यांवर निकालाचाच निकाल लागतो. सगळं आधीच ठरलेलं होतं, कलेला मार्क देणारे हे कोण, चित्रकार आरांना नाकारणारे यांचेच पूर्वज. शेवटी कोणीतरी उपाय सुचवतो: परीक्षक मंडळ ही भानगडच बंद करा, ज्याला चित्र लावायचंय त्याने लावावं, चांगलं काय ते लोक ठरवतील. या उपायाला हल्ली फार टाळ्या पडतात. तो खरोखर अमलात आला तर सर्वांत आधी बुडतील ते टाळ्या वाजवणारेच, असं माझं म्हणणं आहे.

आक्षेप घेणाऱ्यांकडे पुरावा नाही असं नाही. १८६३ साली पॅरिसच्या सलों या सरकारी प्रदर्शनाच्या परीक्षकांनी निम्म्याहून अधिक कामं परत पाठवली; त्यांत एदुआर मानेची चित्रं होती. १९३५ साली सिमल्याच्या फाइन आर्ट्स सोसायटीने अमृता शेरगिलच्या दहा चित्रांतली पाच नाकारली आणि घेतलेल्यांपैकी एकाला बक्षीस देऊ केलं. तिने ते परत केलं. आणि आपल्याकडे १९४७ साली कृष्णाजी हौळाजी आरा यांचं स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचं भलंमोठं चित्र बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात नाकारलं गेलं. त्या चिडीतून चित्रकार सूझा, रझा आणि आरा एकत्र आले आणि प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला, अशी हकिकत सांगतात. तीन शहरं, तीन परीक्षक मंडळं, आणि तिन्ही ठिकाणी पुढे इतिहास ज्यांना मानणार होता त्यांच्याच तोंडावर दार लावलेलं. एवढं सांगून आक्षेपक खाली बसतो.

पण तो जरा लवकर बसतो. पॅरिसमध्ये ओरड झाल्यावर सम्राट तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवायला लावलं, आणि तिथे लोकांनी माने पाहिला. पाहून काय केलं? हसले. परीक्षकांनी चित्र नुसतं परत पाठवलं होतं, लोकांनी त्याची जत्रा केली. 'लोक ठरवतील' म्हणणाऱ्यांनी १८६३ चा दाखला देताना निदान तिथवर तरी वाचावं. शेरगिलला सिमल्याने दुखावल्यावर दोन वर्षांनी, १९३७ साली, बॉम्बे आर्ट सोसायटीने 'ग्रुप ऑफ थ्री गर्ल्स' या चित्राला सुवर्णपदक दिलं. म्हणजे परीक्षक नवं ओळखूच शकत नाहीत हा सिद्धांत तिच्याच उदाहरणात कोसळतो. खरं एवढंच की सगळे परीक्षक सगळ्या वेळी ओळखत नाहीत.

आरांची गोष्ट तर आणखी गमतीची. प्रोग्रेसिव्ह गटाचं पहिलं प्रदर्शन १९४९ साली भरलं ते कुठे? रॅम्पार्ट रो या रस्त्यावरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्याच सलाँमध्ये. ज्यांनी नाकारलं त्यांच्याच भिंती. १९५२ साली त्याच सोसायटीने आरांना 'टू जग्ज' या चित्रासाठी सुवर्णपदक दिलं. आणि ज्या १९४७ सालाचा राग आपण अजून उगाळतो, त्याच वर्षी सोसायटीच्या प्रदर्शनात सिनेमाची होर्डिंगं रंगवत मुंबईत दिवस काढलेल्या एका माणसाचं 'सुनहरा संसार' हे चित्र लागलं होतं. सूझांनी त्याला गटात ओढलं. मकबूल फिदा हुसेन हे नाव ज्या दारातून आत आलं, ते परीक्षकांनीच उघडलेलं दार होतं.

यातून परीक्षक निर्दोष ठरत नाहीत. आरांना नाकारणं ही चूकच होती. मात्र ती चूक जाहीर होती: तिला तारीख होती, संस्था होती, निर्णय घेणारी माणसं होती. म्हणून तिच्याविरुद्ध बंड करता आलं, आणि म्हणूनच संस्थेला स्वतःला दुरुस्तही करता आलं. नकारच ज्या व्यवस्थेत कोणी देत नाही, तिच्यात बंड कोणाविरुद्ध करणार?

परीक्षक काढून टाकण्याचा प्रयोग जगात झालेला आहे. १९१७ साली न्यूयॉर्कच्या सोसायटी ऑफ इंडिपेंडंट आर्टिस्ट्सने जाहीर केलं: ना परीक्षक, ना बक्षिसं, सहा डॉलर भरा आणि काम लावा. मार्सेल द्यूशाँने 'आर. मट' या खोट्या नावाने मुतारीचं एक भांडं पाठवलं, 'फाउंटन' असं नाव देऊन. शुल्क भरलेलं होतं, नियम स्पष्ट होता, तरी संचालक मंडळाने ते प्रदर्शनात ठेवू दिलं नाही. संचालक मंडळावर असलेल्या द्यूशाँने राजीनामा दिला. परीक्षक नाहीत म्हणून नकार संपला नाही. फक्त तो देणाऱ्यांना 'परीक्षक' म्हणवून घेण्याची जबाबदारी उरली नाही.

जनमताचाही प्रयोग झाला. अमेरिकेत मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स या शहरात २००९ साली आर्टप्राइझ सुरू झालं. शहरभर कामं मांडायची आणि लोकांनी मतं द्यायची. पहिल्याच वर्षी लोकांच्या मताने अडीच लाख डॉलरचं पारितोषिक गेलं समुद्राच्या एका भव्य चित्राला. समुद्र कोणाला आवडत नाही! पण पुढे आयोजकांनीच परीक्षकांची पारितोषिकं आणली, आणि २०१४ साली लोकांचं आणि परीक्षकांचं मोठं पारितोषिक सारख्याच रकमेचं, प्रत्येकी दोन लाख डॉलरचं झालं. त्या वर्षी लाहोरमध्ये जन्मलेल्या अनिला कय्यूम आगा यांचं 'इंटरसेक्शन्स' लोकांनी निवडलं. नक्षी कोरलेला लाकडी घन, आत एक दिवा, आणि खोलीभर पसरलेल्या सावल्या. परीक्षकांनीही तेच निवडलं, फक्त त्यांनी ते पारितोषिक सोनिया क्लार्क यांच्या कामाबरोबर विभागून दिलं. लोकांना कळत नाही असं कोणी म्हणू नये. पण ज्या स्पर्धेने जनमतावर आपलं सगळं नाव कमावलं, तिलाही परीक्षक लागलेच.

आता आपल्याकडे या. परीक्षक नसतील तर निवड कोण करेल? पैसा करेल, आणि ओळख करेल. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीचं दालन मिळवायचं तर वर्षानुवर्षं रांगेत थांबायचं. मिळालं की भाडं, फ्रेमा, टेम्पो, पत्रिका आणि आठवडाभराचा मुक्काम. खासगी गॅलरीत शिरायचं तर आधी कोणीतरी कोणाशी बोललेलं असावं लागतं. सांगलीच्या, परभणीच्या किंवा सावंतवाडीच्या पोराला बोलायला कोणी नसतं. त्याच्याकडे असतं एक चित्र आणि एक प्रवेशिका. स्पर्धेची प्रवेशिका ही महाराष्ट्राच्या कलाव्यवहारातली बहुधा एकमेव अशी चिठ्ठी आहे जी कोणाच्याही शिफारशीशिवाय आत जाते. कोल्हापुरात जन्मलेल्या चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधरांना १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं तेव्हा १८८८ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेवर इंग्रज साहेबांचं वर्चस्व होतं. पुढच्याच वर्षी गणपतराव म्हात्रेंच्या 'मंदिरपथगामिनी' या शिल्पाचाही तिथे गौरव झाला. साहेबांच्या घरी चहाला बोलावणं येण्याआधी ही कामं साहेबांसमोर पोचली होती.

'कला मोजता येत नाही' या आक्षेपावर फार शाई खर्चण्यात अर्थ नाही. मोजता येत नाही, तुलना मात्र करता येते. आणि ती प्रत्येक चित्रकार स्वतःच्याच दोन चित्रांत रोज करतो.

वशिल्याचा आक्षेप मात्र मी झटकणार नाही, कारण तो बराचसा खरा आहे. परीक्षक एकाच महाविद्यालयातून शिकलेले, एकमेकांचे गुरुबंधू, आणि त्यांच्यासमोर त्यांच्याच विद्यार्थ्यांची कामं. सही झाकली तरी हात ओळखू येतो. मग निवडयादीत बनारसचे घाट, पगडीवाले म्हातारे आणि बैलांच्या शर्यती इतक्या कशा, याचं आश्चर्य वाटायला नको. हे विषय वाईट नाहीत. पण ज्या जलरंगाच्या हाताने परीक्षक वाढले त्याच हाताला ते पुन्हापुन्हा दाद देतात, आणि मांडणशिल्प किंवा व्हिडिओ समोर आला की 'हे काय आहे' एवढंच विचारून पुढे सरकतात. म्हणून प्रत्येक विभागीय स्पर्धेत एक तरी परीक्षक त्या विभागाबाहेरचा, आणि शक्य असेल तर चित्रकार नसलेला, लिहिणारा माणूस हवा. परीक्षकांची नावं प्रवेशिका मागवतानाच छापावीत; निकालाबरोबर नव्हे. आपलं काम कोणासमोर जाणार हे कळलं की प्रवेश शुल्क भरायचं की नाही हे चित्रकाराला ठरवता येतं.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कारण लिहा. पारितोषिक मिळालेल्या प्रत्येक कामाबद्दल परीक्षकांच्या सहीने दोन-चार वाक्यं कॅटलॉगमध्ये यावीत: हे का निवडलं, कोणाचं मत वेगळं होतं. आज कॅटलॉगमध्ये काय असतं? मंत्र्यांचा संदेश, अध्यक्षांचं मनोगत, सचिवांचं मनोगत, आणि पारितोषिकांची एक लांबलचक यादी. तीत दिवंगत आप्तांच्या स्मरणार्थ ठेवलेली इतकी बक्षिसं असतात की बक्षीस न मिळालेलाच उठून दिसतो. ही बक्षिसं निम्म्याने कमी करून एका दालनात नाकारलेल्यांतली वीसेक कामं लावावीत, चित्रकारांची तयारी असेल तर. १८६३ मध्ये सम्राटाला जे करावं लागलं ते आपल्या संस्थांनी आपणहून करावं. परीक्षकांची लाज जायची असेल तर जाईल. कधी कधी त्यांची बाजूही सिद्ध होईल.

आणि मोबाईलवरच्या फोटोवरून पहिली चाळणी लावणं थांबवा. मुद्राचित्राचा दाब, जलरंगाच्या कागदाचा पोत, मांडणशिल्पाची उंची, यांतलं काहीही फोटोत येत नाही. येतो तो झगझगीत रंग, आणि मग तोच निवडला जातो.

यावर संस्थांचे सचिव म्हणतील की परीक्षकांना एवढा वेळ कुठे? एका दिवसात सगळं उरकायचं, चित्र समोर आलं की हात वर, नाही तर पुढचं. वेळ नाही तो दिलेला नाही म्हणून. एका दिवसाऐवजी चार दिवस बोलवा, राहायची सोय करा, मानधन इतकं द्या की लिहायला सांगताना संकोच वाटू नये. पैसा कुठून आणायचा असा प्रश्न असेल तर उद्घाटनाचा हिशोब काढून बघावा: मंडप, शाली, श्रीफळं, स्मृतिचिन्हं आणि पाहुण्यांच्या गाड्या.